शेकरूचे छत आणि सड्यावरचे पाणी

शेकरूला पाचगणीचे टेबललँड ओलांडता येत नाही. एका झेपेत ते सहा मीटरपर्यंतचे अंतर तोडते, म्हणजे साधा घाटरस्ता फांदीवरून फांदीवर सहज पार करते. पण पुढे फांदीच नसेल तर झेप घ्यायची कुठे? जमिनीवर उतरून उघड्या माळावरून धावत सुटणे या प्राण्याच्या स्वभावात नाही. उलट त्याच टेबललँडवर, पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ डबक्यांच्या काठाने एक वनस्पती उगवते आणि तिला डोक्यावर मोकळे आकाशच लागते. तिचे नाव आयसोइटिस पाचगणीएन्सिस. नावातच गाव आहे. दिसायला ती गवताच्या जुडीसारखी. पर्यटक तिच्यावर पाय ठेवून सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि यात त्यांचा दोष नाही, कारण तिथे काही आहे हेच कोणी त्यांना सांगितलेले नसते.

एक कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला; दुसरी नेचेवर्गीय वनस्पती. यांची तुलना कशासाठी, असे कोणी विचारेल. कारण असे की महाबळेश्वरपासून कोयनेवरून चांदोलीपर्यंत, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम कडेने जी डोंगरांची पट्टी जाते, तीत हे दोन्ही प्रकारचे जीव शेजारी शेजारी राहतात. आणि ‘निसर्ग वाचवा’ या एकाच घोषणेखाली आपण जे करतो, ते त्यांतल्या एकाला जगवणारे आणि दुसऱ्याला संपवणारे ठरू शकते.

आधी शेकरू. अर्क्सलेबेन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. आज तिला रातुफा इंडिका म्हणतात. पुढे १८३१ मध्ये कर्नल साइक्स यांनी आपल्याकडच्या घाटांतल्या शेकरूला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले, म्हणून आपल्या भागातील उपजात ‘एल्फिन्स्टोनी’. मुंबईच्या गव्हर्नराचे नाव खारीला देणे हा त्या काळचा सन्मान होता. मराठी माणसाने मात्र त्याला आपलेच नाव ठेवले. घाटावर शेकरू, कोकणात उतरलात की शेकरो. ज्याला बोलीत नाव आहे तो प्राणी लोकांच्या नजरेत आहे, एवढे त्यावरून धरून चालायला हरकत नाही.

वजन दीड ते दोन किलो. शेपूट अंगाएवढी किंवा त्याहून लांब, आणि फांदीवर तोल सांभाळायला तीच कामी येते. पाठीवर तपकिरी-तांबूस, पोटाकडे फिकट. दिवसा जागे, रात्री घरट्यात. घरटे म्हणजे काटक्या आणि पानांचा मोठा गोळा, उंच झाडाच्या बारीक फांद्यांवर बांधलेला, म्हणजे जड शत्रू तिथवर पोहोचत नाही. एक शेकरू आपल्या हद्दीत अशी अनेक घरटी बांधते. काही झोपायची, एखादे पिलांचे. एका वेताला पिले एक किंवा दोन, क्वचित तीन. म्हणजे घुशी-उंदरांच्या वर्गात जन्म घेऊनही याची वाढ उंदरांसारखी भराभर होत नाही. एखाद्या रानातली शेकरे कमी झाली तर ती भरून यायला वेळ लागतो.

महाबळेश्वरचे रान हे त्याच्यासाठी जणू मुद्दाम विणलेले. जांभूळ, अंजनी, पिसा ही तिथली मुख्य झाडे. त्यांची उंची फार नाही, पण माथे एकमेकांत इतके गुंतलेले असतात की वरून पाहिले तर एकच हिरवी घोंगडी दिसावी. फळ, फूल, कोवळे पान, साल, बिया असे सगळे शेकरूला त्या घोंगडीतच मिळते. पाणीसुद्धा बहुतेक पानांतून आणि फळांतून. जमीन त्याला लागतच नाही म्हणा ना. पण हीच त्याची दुखरी जागा आहे. रस्ता रुंद झाला, विजेच्या तारांसाठी पट्टा साफ केला, बंगल्यांच्या रांगेने रान दोन तुकड्यांत कापले, की आपल्याला फक्त दहा-वीस झाडे गेलेली दिसतात. शेकरूच्या दृष्टीने मात्र पूल कोसळलेला असतो. अलीकडची शेकरे अलीकडे, पलीकडची पलीकडे. पुढच्या पिढ्या आपापसांतच वाढतात आणि एखादा वणवा किंवा रोग आला तर बाहेरून नवे रक्त येत नाही.

आता सड्याकडे वळू. कोयना-चांदोलीकडे आणि कोल्हापूर-कोकणात ज्याला सडा म्हणतात, ते म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट, उघडे पठार. साताऱ्याकडे आपण नुसते ‘पठार’ म्हणतो. कास, चाळकेवाडी, पाचगणीचे टेबललँड ही त्याची ठळक रूपे. चांदोलीत झोळंबीचा सडा. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट, त्यावर पावसाने झिजून-मुरून झालेला जांभा, आणि त्यावर माती जेमतेम बोटभर, खाचखळग्यांत थोडी जास्त. चार महिने पाण्याखाली आणि पुढचे आठ महिने तव्यासारखे. झाडाला मुळे रोवायला जागा नाही, म्हणून इथे झाड नाही. कोणी तोडले म्हणून पठार उघडे पडले, असा समज सर्रास आढळतो. काही ठिकाणी तो खराही असेल, पण खऱ्या सड्यावर झाड मुळात नव्हतेच.

आयसोइटिस या जागेला किती जमून गेली आहे पाहा. जमिनीखाली तिचा लहानसा घट्ट कंद असतो. जूनचा पाऊस लागला की त्यातून बोरूसारखी पोकळ, टोकदार पाने जुडीने वर येतात. शंका आली तर पान आडवे कापून भिंगाखाली धरावे: आत हवेच्या चार नळ्या दिसतात. गवतात असे नसते. आणि जुडीचे बूड पाहावे. पाने जिथे कंदाला चिकटतात तिथे ती पांढरी, रुंद, फुगीर होतात, लहान कांद्यासारखी. त्या फुगवट्यात बीजाणूंच्या पिशव्या असतात. काही पानांत मोठे मादी बीजाणू, मिठाच्या बारीक कणांसारखे, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे. काही पानांत नर बीजाणू, पिठीसारखे, हजारोंनी. फूल नाही, फळ नाही, बी नाही. बीजाणू रुजल्यावर नर पेशी पोहत मादी पेशीकडे जाते, त्यामुळे तो संबंध जुळायला पाण्याचा थर लागतोच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डबके आटते, पाने कुजून जातात, बीजाणू चिखलात मिसळतात आणि कंद पुढच्या जूनपर्यंत झोपी जातो. गंमत म्हणजे आयसोइटिस या ग्रीक नावाचा अर्थ ‘वर्षभर सारखीच’ असा. युरोपातल्या थंड तळ्यांत वर्षभर हिरव्या राहणाऱ्या जातींवरून ते पडले. आपल्या सड्यावर ते साफ खोटे ठरते.

इथे एक खुलासा हवा. जुन्या पाठ्यपुस्तकांत आयसोइटिस ‘नेचे आणि त्यांचे नातेवाईक’ या मथळ्याखाली असे. आताच्या वर्गीकरणात तिची शाखा खऱ्या नेच्यांपासून वेगळी काढतात. पण बीजाणूंवर चालणारा संसार दोघांचाही असल्याने अभ्यासक आजही ही मंडळी एकत्रच पाहतात, आणि मीही तेच केले आहे. खरा नेचाच हवा असेल तर तोही सड्यावर आहे: एकच पान आणि त्यातून वर उभी राहिलेली बीजाणूंची काडी, अशा रूपाचा ऑफिओग्लॉसम, म्हणजे शब्दशः सापजीभ. याच गटातल्या ऑफिओग्लॉसम रेटिक्युलॅटम या जातीत १४४० गुणसूत्रे मोजली गेली आहेत. सजीवांत नोंदलेली ही सर्वांत मोठी संख्या. माणसाची ४६. आकारावरून योग्यता ठरवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आणि आयसोइटिसचे घराणे? तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी, दगडी कोळसा ज्या दलदलींत तयार झाला तिथे, तीस मीटरहून उंच वाढणारे लेपिडोडेंड्रॉन नावाचे वृक्ष होते. आज हयात असलेल्या वनस्पतींत त्यांची सर्वांत जवळची नातलग आयसोइटिस मानतात. ज्या बेसाल्टवर ती वाढते त्याच्या पाचपट जुने तिचे घराणे आहे. ही विशिष्ट जात तेवढी जुनी आहे असा याचा अर्थ नव्हे. राजवाडा पडला तरी आडनाव चालत राहते, तसे काहीसे. शेकरूही खारींच्या कुळातल्या फार पूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेचे आहे, पण ती जुनी गोष्ट म्हटली तरी काही कोटी वर्षांचीच.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला सर्वांत जास्त गुंतवून ठेवते. उथळ डबक्यात दिवसा ऊन तापले की सगळ्या वनस्पती मिळून पाण्यातला कार्बन डायॉक्साइड संपवून टाकतात. १९८१ मध्ये अमेरिकेतील जॉन कीली यांनी आयसोइटिसच्या तिकडच्या एका जातीत दाखवून दिले की ती हा वायू रात्री, गर्दी नसताना, आत घेते, आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. हीच युक्ती निवडुंग वापरतो, पण पाणी वाचवण्यासाठी. पाण्यात बुडालेली वनस्पती आणि वाळवंटातली वनस्पती एकाच हिकमतीवर जगतात, हे त्यापूर्वी कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

या गटावर आपल्या लोकांनी बरेच काम केले आहे. पुण्याचे प्राध्यापक त्र्यं. शं. महाबळे यांनी सह्याद्रीचे नाव असलेली एक जात नोंदवली. शेंडे यांनी दीक्षितांच्या नावाने दुसरी. पाचगणीची जात १९९३ मध्ये श्रीवास्तव, पंत आणि शुक्ल यांनी वेगळी दाखवली. या जातींतला फरक मुख्यतः मादी बीजाणूच्या पृष्ठभागावरील नक्षीवरून कळतो, आणि ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्यामुळे कुठली जात स्वतंत्र आणि कुठली दुसरीचेच रूप, हे वाद चालूच असतात. मराठीत मात्र हिला नाव नाही. तिच्या शेजारच्या डबक्यातली, साताऱ्याचेच नाव लावणारी ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस ‘वायतुरा’ म्हणून ओळखली जाते, कारण तिला डोळ्यांत भरणारा तुरा येतो. जिला तुरा नाही तिला नाव नाही.

आता संरक्षणाच्या दर्जाकडे येऊ. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी. वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला कवच आहे. त्याच्या वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाने नियंत्रित केलेला आहे. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये झाले ते प्रामुख्याने त्याच्यासाठी. आमच्या बाजूला कोयना आणि चांदोली ही अभयारण्येही त्याच वर्षीची. चांदोलीचे २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. नाव वाघाचे, पण सावली शेकरूलाही मिळाली. एवढे असूनही आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत शेकरू ‘किमान चिंता’ या वर्गात आहे, संख्या घटत असल्याच्या नोंदीसह. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पण त्यात विसंगती नाही. लाल यादी प्राण्याचे कौतुक मोजत नाही, जगातून ती जात नाहीशी होण्याचा धोका मोजते. पश्चिम घाट, पूर्व घाट, सातपुडा एवढ्या पसाऱ्यात राहणारी जात एकदम संपणार नाही, असे ती म्हणते. सातारा जिल्ह्यातून ती संपेल की नाही, याबद्दल त्या वर्गात एक अक्षर नाही.

जागेचा हिशोब या यादीत फार कडक असतो. एखाद्या जातीने प्रत्यक्ष व्यापलेले क्षेत्र दहा चौरस किलोमीटरपेक्षा कमी भरले, आणि त्याबरोबर तुकडे पडणे, सतत घट होणे अशा अटी लागू झाल्या, तर ती अतिसंकटग्रस्त ठरू शकते. पाचशेच्या आत असेल तर संकटग्रस्त. एखाद-दुसऱ्या पठाराला बांधलेल्या जातींसाठी हा हिशोब काय सांगतो ते समजायला सिंहगडापर्यंत गेले तरी पुरे. तिथे १९७५ मध्ये मिश्रा आणि धांडा यांनी एक उंदीर नव्याने नोंदवला, मिलार्डिया कोंडाना. तोही कृंतक, शेकरूच्याच वर्गातला. पण लाल यादीत त्याची गणना धोक्यातल्या जातींत होते, कारण त्याची दुनिया गडमाथ्याएवढी आणि माथ्यावर पर्यटकांची वर्दळ. म्हणजे शेकरू आणि कोंडाण्याचा उंदीर वर्गाने भाऊबंद, पण नशिबाने कोंडाण्याचा उंदीर आयसोइटिसचा सोबती.

प्राणी आणि वनस्पती यांच्यात कायद्यानेही पंक्तिप्रपंच केला आहे. १९७२ चा मूळ कायदा प्राण्यांपुरताच होता. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात वनस्पतींचे प्रकरण घातले आणि परिशिष्टात नावे आली सहा: बेडोमचा सायकस, निळा व्हँडा, तांबडा व्हँडा, लेडीज स्लिपर ऑर्किड, कुठ आणि घटपर्णी. ऑर्किडांची शोभा, औषधाचा बाजार, कीटक खाण्याचे नवल. एकही नेचेवर्गीय त्यात नव्हता. जागतिक लाल यादीचेही तसेच आहे. सस्तन प्राण्यांच्या जवळजवळ सगळ्या जाती तपासून झाल्या आहेत; वनस्पतींचा लहान हिस्साच तपासला गेला आहे.

तरी पाचगणीची ही वनस्पती अगदी उघड्यावर पडलेली नाही. २००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणीय दृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. कास, कोयना, चांदोली यांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. म्हणजे जातीला नाही तरी जागेला संरक्षण आहे. माझ्या मते लहान जीवांसाठी हाच मार्ग योग्य. महाराष्ट्रात त्याचे चांगले उदाहरणही आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी २०२० मध्ये एक नवा मासा नोंदवला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि दुसऱ्याच वर्षी जैवविविधता कायद्याखाली ती जागा वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. बोटभर माशासाठी जे जमले ते सड्यावरच्या दहा-पंधरा डबक्यांसाठी जमू नये असे काही नाही. ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. सुरुवात तिच्यातल्या एका ओळीने करता येईल.

पण सड्याचा खरा वैरी पर्यटक नाही, ‘पोटखराबा’ हा शब्द आहे. सातबाऱ्यावर लागवडीला नालायक जमीन या सदरात सडा जातो, आणि नालायक म्हटले की तिचे काहीतरी भले करण्याची इच्छा सगळ्यांना होते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तिथल्या अभ्यासात, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांना आढळले की पात्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी झाले आणि त्यामुळे सरडे वाढले, त्यांच्या वागण्यातही फरक पडला. ओसाड समजलेल्या जागेवर एवढी साखळी होती. पवनचक्क्यांबद्दल निदान कोणी शंका तरी घेते. वृक्षारोपणाबद्दल कोण घेणार? गिरिपुष्प, सिल्व्हर ओक, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची रोपे घेऊन पठार चढणाऱ्या शाळकरी मुलांना ‘थांबा’ म्हणणारा माणूस निसर्गाचा शत्रूच वाटेल. रोप जगवायचे तर माती बाहेरून आणून टाकावी लागते, पाण्याला वाट काढून द्यावी लागते. डबके निचरले की आयसोइटिसचे चार महिने संपले. रोपे जगली तर सावली आणि पालापाचोळा. मेली तर नुसते उकरलेले खड्डे.

तीच रोपे, म्हणजे जांभळाची, अंजनीची, पिशाची, मेढा-जावळीकडच्या उतारांवर, दोन राईंच्या मधल्या तुटलेल्या पट्ट्यात लावली तर शेकरूचा पूल पुन्हा जुळेल. शिराळा आणि पाटण तालुक्यांतही रानाचे तुकडे असेच जोडता येतील. वेळ लागेल, कारण अंजनी सावकाश वाढते. पण तिथे झाड हवेच आहे. चांदोलीत तर दाट रान आणि सडा दोन्ही एकाच हद्दीत आहेत, त्यामुळे कुठे लावायचे आणि कुठे हात लावायचा नाही हे एकाच नकाशावर रंगवता येते.

नकाशा कोणत्या महिन्यात करायचा, यावर मात्र बरेच अवलंबून आहे. शेकरूंची गणना पुष्कळदा घरट्यांवरून करतात, आणि घरटे कोरड्या दिवसांतही झाडावर दिसते. आयसोइटिस पाहायची तर ऑगस्ट-सप्टेंबरात, गुडघे चिखलात टेकून. प्रकल्पांची पाहणी करणारे पथक जानेवारीनंतर पठारावर आले तर त्यांना वाळलेले गवत आणि दगड दिसतात, आणि अहवालात तसेच लिहिले जाते. जुलैत लावायच्या रोपांचे खड्डे मे महिन्यात घेतात. त्या वेळी कंद बोटभर मातीखाली असतो, कोरडा, मातीच्याच रंगाचा; पहार लागली तरी खणणाऱ्याला काही कळत नाही.